कचेरीचं दक्षिणेचं दार

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या कुणीतरी उठून म्हणायचं, आमच्या कचेरीची बदनामी केली. उदगीरपासून तासाभराच्या अंतरावरचं एक तालुक्याचं गाव, एवढं धरून चला. लातूर जिल्ह्यात अशी गावं काही थोडीथोडकी नाहीत.

गोष्ट शिवगंगा चिल्लरगेची आहे. तुम्ही काय करता असं कुणी विचारलं, की पूर्वी ती ऐटीत सांगायची, "लँडस्केप आर्किटेक्ट." ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. मग बिचारी समजावून सांगायची, की इमारत बांधणारा वेगळा, मी इमारतीच्या बाहेरची जागा आखते. माणसं कुठून येतील, कुठं टेकतील, सावली कुठं पडेल, पावसाचं पाणी कुठं जाईल, ते सगळं. एवढं ऐकून समोरचा म्हणायचा, "म्हंजे बागकाम." आता कुणी विचारलं तर ती स्वतःच म्हणते, "हाव, बागकाम." वाद घालायची हौसच संपली म्हणा ना.

तिचे वडील वीरण्णा आप्पा. उदगीरच्या मोंढ्यात त्यांचं आडत दुकान. तुरीचा दाणा दाताखाली फोडून ओल सांगणारा माणूस. पोरगी पुण्याला शिकायला निघाली तेव्हा त्यांनी फी भरली, पण एवढं म्हणालेच, "झाडं लावायला बी कालेज लागतंय व्हय?" त्यावर ती तेव्हा भांडली होती. पुढं पंचवीसेक वर्षं नांदेड-लातूर करत सरकारी आवारं आखली आणि मग तिलाही कधीकधी वाटायला लागलं, की आप्पा म्हणत होते त्यात फार चूक नव्हती.

कारण काय, तर आपल्याकडं बाग उद्घाटनापुरती असते. नांदेडला नदीकाठी तिनं एक बाग आखली. मंडळींनी तिच्या मनाविरुद्ध मध्ये कारंजं घातलं. उद्घाटनाला ते असं उडालं की पुढच्या रांगेतले फेटे भिजले. आठवड्यात मोटार जळाली, आणि आज त्या हौदात शेंगांची टरफलं नि गुटख्याच्या पुड्या आहेत. लातुरात एका सभागृहापुढं हिरवळ पाहिजे म्हणून लोक हटून बसले. ती म्हणाली, इथं माणसाला प्यायला पाणी नाही, गवताला कुठलं आणता? पण ऐकतं कोण! पालथ्या घड्यावर पाणी. पुढं लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली त्या उन्हाळ्यात ती हिरवळ जळून खाक झाली, आणि शिव्या कुणाला, तर शिवगंगाला. आणि ते गट्टू! मोकळी माती दिसली की लोकांना जणू लाज वाटते. लगेच जमिनीत बसवायचे सिमेंटचे गट्टू आणायचे आणि झाडाच्या बुंध्याला फास बसेस्तोवर ठोकायचे. झाड मेलं की म्हणायचं, मॅडमनी झाडं बरोबर निवडली नाहीत.

बेजार झाली होती बाई. गुडघे दुखायचे, उन्हानं डोकं उठायचं, आणि मिटिंगमध्ये कुणी "सुशोभीकरण" हा शब्द काढला की ती वही मिटून ठेवायची.

अशात या गावच्या नव्या कचेरीचं काम आलं. सगळी सरकारी कार्यालयं एका इमारतीत आणायची होती. तिनं मनाशी ठरवलं, हे शेवटचं. यानंतर सरकारी कामाला हात जोडायचे. पण एक जागा, आयुष्यात एक तरी जागा अशी व्हावी, की जी माणसांच्या उपयोगी पडेल आणि आपल्यामागं जिवंत राहील. एवढंच तिला पाहिजे होतं.

काम करायची तिची एक पद्धत होती. कागदावर रेघ मारायच्या आधी जागेवर जाऊन बसायचं आणि पाय बघायचे. माणसं कुठून येतात, कुठं वळतात, कुठं दमतात. आपलं तोंड काय वाट्टेल ते सांगेल, पाय खोटं सांगत नाहीत, असं ती म्हणायची. तशी ती स्टँडच्या वाटेवर चहा विकणाऱ्या सिंधुच्या गाड्यापाशी दोन-तीन दिवस बसून राहिली. सिंधुला वाटलं, बाई घरातून भांडून आली असावी. तिनं दुसऱ्या दिवशी चहाचे पैसेच घेतले नाहीत.

तिथंच सरजाबाई भेटली. सत्तरी ओलांडलेली, काडीसारखी म्हातारी. कुठल्याशा वाडीवरून एसटीनं यायची, निराधाराच्या पगारासाठी. पगार म्हणजे सरकार म्हाताऱ्या-कोताऱ्यांना महिन्याला देतं ते. स्टँडवरून चालत निघायची आणि मध्येच, जिथं टेकायला धड दगडही नाही अशा जागी, पदर डोक्यावर ओढून फतकल मारायची.

"लेकी," तिनं शिवगंगाला विचारलं, "कालधरनं बगायलेय. कुनाची वाट बगायलीस?"

"वाट नाही बघत मावशी. माणसांचे पाय बघतेय."

"पायात काय बगायचं? भेगा हायेत नुसत्या."

शिवगंगा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी.

तर पाय सांगत होते ते असं, की खेड्यावरची सगळी माणसं स्टँडकडून येतात, आणि स्टँड दक्षिणेला. इमारतीचं मोठं गेट मात्र उत्तरेला, हमरस्त्यावर, कारण साहेबांच्या गाड्या तिकडून येतात. म्हणजे स्टँडवरून आलेल्यानं सगळ्या आवाराला वळसा घालायचा, उघड्या भिंतीकडेनं, डोक्यावर लातूरचं ऊन घेऊन. शिवगंगानं हट्टानं दक्षिणेला एक गेट काढायला लावलं. गेटपासून कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत सरळ वाट, दोन्ही अंगांनी करंज आणि कडुनिंब. मध्येमध्ये बुटके, रुंद ओटे, म्हाताऱ्या बायांना पाय वर घेऊन बसता येईल असे. कुणाच्या तरी घरी नेऊन टाकता येतील अशी बाकडी नाहीत, की हार घालायला पुतळा नाही.

आणि गेटाजवळ पाणपोई. साधे मातीचे रांजण. हीच खरी तिची करामत. सरकारी झाडाचं तुम्हाला माहीत आहे. पहिल्या वर्षी गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, पाणी घालतो, दुसऱ्या वर्षी देव घालतो, तिसऱ्या वर्षी कुणीच घालत नाही. म्हणून तिनं झाडं माणसांच्या हवाली केली. येणारा पाणी पितो, चूळ भरतो, तोंडावर हबका मारतो, पाय धुतो. ते सांडलेलं पाणी दगडी पाटानं झाडांच्या आळ्यांत जाईल असा उतार तिनं काढला. रांजण भरायचे सिंधुनं, बदल्यात तिचा गाडा गेटाबाहेरच्या सावलीत. माणसं येत राहतील तोवर झाडं जगतील, झाडं जगतील तोवर माणसं येतील. हिशेब सोपा होता.

आणि काय सांगावं, जमलं की हो! दोन वर्षं जमलं. झाडं माणसाच्या डोक्याच्या वर गेली. सरजाबाई ओट्यावर पाय घेऊन बसायची आणि शिवगंगा दिसली की ओरडून सांगायची, "ह्यो माजा वटा हाय, बरं का." शिवगंगा लातूरहून उगाच, काम नसताना चक्कर मारायची. गाडीत बसून नुसती बघायची आणि परत जायची.

तिसऱ्या वर्षी होळीच्या सुमाराला, त्या आवाराचं काम केलेल्या गुत्तेदार साहेबरावचा फोन आला. "मॅडम, गेटला कुलूप पडलं की तुमच्या."

ती गेली. खरंच कुलूप. भलंमोठं, ज्याच्यापुढं कुणाचं काही चालू नये असं. आत रांजण पालथे, त्यात पालापाचोळा. सिंधुचा गाडा उत्तरेला गेलेला. येणंजाणं नाही म्हटल्यावर बिचारी गिऱ्हाईक कुणाचं करणार? पाट कोरडाठाक, आणि झाडांची पानं कडेनं तांबूस व्हायला लागलेली. चैत्र-वैशाख अजून पुढंच होते. या वयाच्या झाडाला एक उन्हाळा कोरडा गेला की संपलं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. भिंतीच्या कडेनं सरजाबाई वळसा घालून चालली होती, मध्येच बसत, मध्येच उठत.

"का ग बाई, दार का लावलं?" तिनं विचारलं. "आमी काय घान करत न्हवतो."

शिवगंगा तडक कचेरीच्या मुख्य साहेबांकडं गेली. साहेब नवीन. दयानंद त्यांचं नाव, निलंग्याकडचे. बोलायला अत्यंत गोड. चहा मागवला, पंखा तिच्याकडं वळवला.

"मॅडम, मी स्वतः असलं काही मानत नाही," ते म्हणाले. हे वाक्य ऐकलं की समजावं, माणूस गळ्यापर्यंत मानतो आहे. "पण बघा, माझ्या आधीचे निलंबित झाले. त्यांच्या आधीच्यांना या खुर्चीतच झटका आला. लातूरहून एक जाणकार आले होते, ते म्हणाले, कचेरीला दक्षिणेचं दार म्हणजे यमाला आवतण. घरचे लोक घाबरलेत हो."

"साहेब, म्हाताऱ्या माणसांना उन्हात वळसा पडतोय. झाडं मरायला लागलीत."

"मी काही आदेश काढलेला नाही. कुलूप कुणी लावलं तेही मला नक्की माहीत नाही," साहेब म्हणाले. "काही उपाय असला तर सुचवा ना. माझी हरकत नाही."

आता बोला! ज्यानं लाच खाल्ली तो निलंबित झाला, ज्याचं रक्त दाट झालं त्याला झटका आला, आणि फाशी कुणाला, तर गेटाला. शिवगंगाला रडूही येईना आणि हसूही येईना. ती तिथून निघाली आणि गाडी लातूरकडं न नेता उदगीरला नेली. माणूस फार थकला की बापाकडं जातो.

आप्पा दुकानात गादीवर बसले होते. कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंग, समोर तुरीचे नमुने. सगळं ऐकून घेतलं आणि उसळले. "आपल्या लिंगायतात कसली आलीय दिशा? आपल्या शरणसंतांनी दिशा, मुहूर्त, शकुन सगळं कवाच मोडून टाकलं. ज्याच्या गळ्यात लिंग हाय त्याला दक्षिण न्हाई आन् उत्तर न्हाई. तो दयानंद बी आपल्यातलाच ना? मग?"

हे बोलत असताना त्यांच्या डोक्यावर, दुकानाच्या चौकटीला, लिंबू आणि मिरच्या लटकत होत्या. शिवगंगानं नुसतं तिकडं बघितलं.

"ते मुनिमानं बांधलंय," आप्पा घाईनं म्हणाले.

"मग आप्पा, तुम्हीच सांगा की साहेबांना हे."

आप्पांनी समोरचे नमुने बाजूला सारले. मग त्यांच्यातला व्यापारी बोलला. "भ्यालेल्याला ग्यान सांगू नये, अव्वा. काठी द्यावी हातात. मारुती बसव दारात, दक्षिणेला तोंड करून. मारुतीपुढं यमाचं बी चालत न्हाई, असं मानतेत लोक."

"आप्पा, मी आर्किटेक्ट हाय."

"मग? रोग्याला मानवंल ते औषध. तुला झाडं जगवायचीत का तत्त्व जगवायचंय, ते बघ."

तिला राग आला, आणि रागाहून जास्त कंटाळा आला. सगळं आयुष्य उतार, पाणी, माती, सावली यांचा अभ्यास केला आणि शेवटी उपाय काय, तर मारुती. पण दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "सरकारी आवारात नवा देव बसवता येत नाही, मॅडम. परिपत्रक आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जुना निघाला, तर मात्र हलवता येत नाही. लोकांच्या भावना असतात." एवढं बोलून, यंदा ऊन फार आहे नाही का, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शिवगंगानं हे बोलणं सांगितलं तेव्हा साहेबराव गुत्तेदाराला त्यातली मेख कळायला वेळ लागला नाही. "माझ्याकडं हाय एक मारुती," तो म्हणाला. "शेतातल्या हिरीवर बसवायचा म्हणून पाथरवटाकडनं आणला होता, राहूनच गेला. गोठ्यामागं पडून पडून जुना दिसायलाय. पाटाची दुरुस्ती काढू, खड्डा घेऊ, निघंल. तुम्ही फक्त हाव म्हणा, मॅडम."

ती हाव म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. दमलेल्या माणसाचं हे असंच होतं. ज्या गोष्टीला दहा वर्षांपूर्वी ती ताठ उभी राहून नको म्हणाली असती, तिच्याकडं तिनं नुसती पाठ फिरवली. पाठ फिरवणं म्हणजे हो म्हणणंच असतं, हे साहेबरावला चांगलं कळत होतं. गुत्तेदार माणूस.

हनुमान जयंतीच्या दोन-तीन दिवस आधी मारुती निघाला. शेवाळलेला, अंगाला माती, एक कान झिजलेला. इतका जुना दिसत होता, की शिवगंगाला स्वतःलाच क्षणभर खरं वाटलं. अर्ध्या तासात गाव लोटलं. नारळ, ऊदबत्त्या, हळदकुंकू, कुठून कुठून बाया धावत आल्या. साहेब खुर्ची सोडून आले, पायातले बूट बाजूला काढले, आणि कुलूप त्यांनी स्वतःच्या हातानं उघडलं. किल्ली त्यांच्याच खिशात होती, हे कुणी मनावर घेतलं नाही.

गर्दीतून वाट काढत सरजाबाई आली. मारुतीपुढं तिनं अंग टाकलं, ते किती वेळ उठेच ना. मग धुळीनं भरलेल्या कपाळानं ती शिवगंगाकडं वळली.

"लेकी, तू हितंच हुतीस न्हवं? खरंच हितं निगाला का ग?"

आजूबाजूच्या दहा-वीस माणसांनी तिच्या तोंडाकडं बघितलं. साहेबांनीही बघितलं. साहेबराव तेवढा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

"हाव मावशी," शिवगंगा म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर निघाला."

सरजाबाईनं तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "पुन्यवान हायेस ग बाई."

त्या दिवशी परत जाताना शिवगंगाला अवघडल्यासारखं झालं. पण खरं सांगायचं तर फार वेळ नाही. गेट उघडलं होतं, सिंधु गाडा ढकलत परत आली होती, रांजण भरले होते. पाटातून पाणी वाहत आळ्यांत गेलं, आणि माती ते पाणी चर्रकन प्यायली, तो आवाज ऐकून तिला एवढं बरं वाटलं की बाकी सगळं ती विसरली. कुणाचं काय वाईट झालं? साहेबाला धीर मिळाला, गावाला देव मिळाला, म्हाताऱ्यांना वाट मिळाली.

त्यावर तीन-चार उन्हाळे गेले. तिनं ठरवल्याप्रमाणं सरकारी काम सोडलं. लातुरात कुणाच्या घराची गच्ची, कुणाच्या दवाखान्याचं अंगण, एवढंच करायची. साहेबांची बदली झाली, बढतीवर, त्यामुळं मारुतीचा लौकिक आणखी वाढला. मोंढ्यात आप्पा चारचौघांत सांगायचे, "आमच्या गंगाची झाडं हायेत ती." त्यांच्या तोंडून हे ऐकायला तिनं सगळं आयुष्य घातलं होतं, आणि ऐकलं तेव्हा आनंदापेक्षा दमणूकच जास्त जाणवली.

परवाच्या वैशाखात ती सहज तिथं गेली. करंज-निंबांची डोकी वाटेवर एकमेकांत गुंतली होती. बाहेर रस्त्यावर उभं राहवत नव्हतं आणि आत शिरलं की गार. मारुतीवर पत्र्याचं छप्पर आलं होतं, शेंदूर लखलखत होता. पोरं, कारकून, वकील जाता जाता छातीला हात लावत होते आणि पुढं सटकत होते. ती ओट्यावर पाय घेऊन बसली. पहिल्यांदाच बसली, तिच्या स्वतःच्या ओट्यावर. डोळे भरून आले तिचे. झालं एकदाचं, असं तिला वाटलं.

मग जुनी खोड. ती पाय बघायला लागली.

एसटी आली, माणसं उतरली, बरीचशी आत आली. पण चार-पाच म्हाताऱ्या बाया गेटापर्यंत आल्या, थांबल्या, बाहेरूनच मारुतीला हात जोडले, आणि वळून भिंतीच्या कडेनं उन्हात चालू लागल्या. तिला वाटलं, कुठं दुसरीकडं जायचं असेल. पुढच्या एसटीला पुन्हा तेच. तरुण आत, म्हाताऱ्या बाहेरून. तिला काही समजेना. कुणी अडवत नव्हतं. पायऱ्या नव्हत्या, चढ नव्हता, चप्पल काढायची सक्ती नव्हती. तिनं उतार तपासला, ओटे तपासले, गेटाचा उंबरा किती उंच आहे ते बघितलं. आपलं काय चुकलं असेल, याचाच विचार करत ती बाहेर आली.

भिंतीला धरून सरजाबाई चालली होती. पार वाकली होती आता. शिवगंगानं तिला गाठलं.

"मावशी, वळखलं का? इकडून कशाला चालल्या? आत सावली हाय की."

सरजाबाईनं मान वर करून बघितलं आणि ओळखीचं हसली. "तू व्हय ग! न्हाई बाई, आमी इकडूनच जातो."

"का पण? कुणी काही बोललं का?"

"कोन बोलतंय? कुनी न्हाई." म्हातारी भिंतीला टेकली, दम घेतला. जरा वेळ सांगावं की नाही असं तिचं चाललं होतं. "लेकी, कचेरीत काय सांगावं लागतंय तुला म्हाईत हाय का? ते इचारतेत, म्हातारे, तुला कुनी हाय का? मी म्हनते, न्हाई. लेकरू? न्हाई. दर खेपंला म्हनते. तसं म्हनल्याबिगर पगार देत न्हाईत. आन् भुजंग हाय की माजा पुन्याला. कंपनीत हाय, दोन लेकरं हायेत त्याला. बगत न्हाई मला, ती गोष्ट येगळी. पर हाय की जिता. देव त्याला माजं बी आऊख देवो."

शिवगंगा भिंतीशी तिच्याजवळ सरकली.

"आदी काय वाटत न्हवतं," सरजाबाई म्हणाली. "दार हुतं नुसतं, यायचं आन् जायचं. आता त्यो बसलाय तितं. त्याच्याम्होरनं जायचं, हात जोडायचं, आन् तसंच आत जाऊन जित्या लेकराला न्हाई म्हनायचं? न्हाई व्हत बाई. पाय उचलत न्हाईत. त्या समद्या बाया त्याच्यापायीच इकडून जातेत. कुनी कुनाला बोलत न्हाई, पर समद्यांचं त्येच हाय."

शिवगंगानं वळून पुढं चाललेल्या त्या बायांकडं बघितलं. ज्यांच्यासाठी ते गेट काढलं, नेमक्या त्याच बायांना तिनं स्वतःच्या तोंडानं बाहेर ठेवलं होतं. सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. मावशी, तो इथं निघालेला नाही, साहेबरावच्या गोठ्यामागं पडलेला दगड आहे तो, तुम्ही खुशाल जा. पण म्हातारीच्या तोंडाकडं बघितलं आणि तिचा धीर झाला नाही. सावली द्यायला निघालेली बाई, ती म्हातारीचा देव कसा काढून घेणार?

सरजाबाईनं पदर सारखा केला, काठी उचलली. "तू कशाला उन्हात हुबी? तू जा की आतनं गारव्यानं. तुला काय खोटं बोलायचंय?"

शिवगंगानं हातातली छत्री उघडून म्हातारीच्या डोक्यावर धरली.

"मी बी इकडूनच येते, मावशी," ती म्हणाली, आणि दोघी भिंतीच्या कडेनं उत्तरेच्या गेटाकडं चालू लागल्या.